यार्डातून फॉर्म उघडायला सव्वादोन मिनिटं: ॲक्सेसची लिंक्ड टेबलं आणि रडतखडत चालणारं नेटवर्क

बेदाणेवाला

नमस्कार मंडळी. मी हिशेबनीस आहे, कॉम्प्युटरवाला नाही. सांगलीकडच्या एका बेदाणा शीतगृहात काम करतो. अकरा वर्षांपूर्वी रात्री जागून ॲक्सेसमध्ये (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेसचं सॉफ्टवेअर) एक प्रोग्रॅम केला, तो आजतागायत चालतोय. शेतकरी, व्यापारी, आवक, जावक, भाडं अशी टेबलं. आवकेत १,४०,००० च्या आसपास ओळी, फाइल ३८० एमबी.

मशीनं सहा. ऑफिसात दोन, काट्याच्या केबिनमध्ये एक, मॅनेजर साहेबांचा लॅपटॉप वायफायवर, आणि मार्केट यार्डातल्या गाळ्यात दोन (व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटवरनं ऑफिसच्या नेटवर्कला खाजगी जोडणी). टेबलं वेगळ्या फाइलीत काढून लिंक केलेली आहेत, एवढं मी एका पुस्तकात वाचून केलं होतं.

त्रास असा:

सकाळी मी एकटा असतो तेव्हा प्रोग्रॅम पळतो. दुसऱ्यानं उघडला की रांगायला लागतो. काट्यावर तर पावती निघेपर्यंत ट्रॅक्टरवाला चहा पिऊन येतो.

यार्डातून आवकेचा फॉर्म उघडायला सव्वादोन मिनिटं. घड्याळ लावून मोजलंय. इंटरनेट ५० एमबीपीएसचं १०० करून घेतलं, एका सेकंदाचा फरक नाही.

आणि या सीझनला तीनदा 'अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट' येऊन फाइल बसली. दोनदा रिपेअर झाली, तिसऱ्यांदा आदल्या दिवसाच्या बॅकअपवरून ४१ पावत्या हातानं भरल्या.

काय करू?

पाटी_लावणारा

ॲक्सेस अजून जिवंत आहे हे वाचून गहिवरून आलं. वेब ॲप्लिकेशन करून घ्या, सुटाल.

बेदाणेवाला

करून घेतो की. पैसे तुम्ही पाठवताय का?

जुना_खलाशी

पाटीवाल्यांकडे दुर्लक्ष करा. मी याच धंद्यात पांढरा झालोय. सहा मशीन आणि ३८० एमबी म्हणजे ॲक्सेसला पोरखेळ आहे. फाइलीची मर्यादा २ जीबी आहे, तुम्ही तिच्या जवळपासही नाही. दोष मांडणीत असणार. चार गोष्टी सांगा:

फॉर्म-रिपोर्टची फाइल, म्हणजे फ्रंटएंड, प्रत्येक मशीनवर वेगळी आहे का सगळे शेअरमधली, म्हणजे सर्व्हरवरच्या सामाईक फोल्डरातली, एकच उघडतात?

यार्डातून सर्व्हरला पिंग केल्यावर, म्हणजे हाक मारून उत्तर यायला, किती मिलिसेकंद येतात? ऑफिसातून किती?

आवकेचा फॉर्म उघडतो तेव्हा खाली ओळींची संख्या काय दिसते?

फाइल बसली तेव्हा मॅनेजर साहेबांचा लॅपटॉप चालू होता का?

बेदाणेवाला

१. सगळे शेअरमधली एकच उघडतात. डेस्कटॉपवर शॉर्टकट दिलाय.
२. ऑफिसातून 'एकपेक्षा कमी'. यार्डातून ४६ ते ५०.
३. १,४०,००० पैकी १.
४. तिन्ही वेळा चालू होता. तुम्हाला कसं कळलं?

जुना_खलाशी

कळलं नाही, सवयीनं विचारलं. बसा, जरा लांबलचक आहे.

आधी यार्डाचं. ॲक्सेसमध्ये सर्व्हर नावाचा कुणी काम करणारा माणूस नसतो. तुमचा 'सर्व्हर' म्हणजे नुसतं कपाट. शोधणं, जुळवणं, मोजणं हे सगळं ज्याच्या त्याच्या मशीनवर होतं, आणि त्यासाठी लागणारी पानं, ४-४ केबीची, त्या कपाटातून एकेक करून मागवली जातात. पान मागितलं, आलं, ते बघून पुढचं मागितलं. समजा फॉर्म उघडताना अशा २,५०० खेपा होतात. ऑफिसात एका खेपेला अर्धा मिलिसेकंद धरा, सव्वा सेकंदात काम झालं. यार्डातून एका खेपेला ४८ धरले तर १,२०,००० मिलिसेकंद. दोन मिनिटं. तुमची सव्वादोन मिनिटं इथं आहेत.

रस्ता रुंद केला म्हणून तासगावचं अंतर कमी होत नाही. १०० चं ५०० एमबीपीएस घेतलं तरी खेप ४८ चीच राहणार. त्यामुळे व्हीपीएनवरून ॲक्सेसची फाइल थेट उघडणं हे तोडगे काढून सुधारणारं प्रकरण नाही. ते बंदच करायचं. त्याकडे नंतर येतो.

आता 'एकटा असताना पळतं, दुसरा आला की रांगतं' याचं. एकटाच असाल तर विंडोज तुमच्या मशीनला फाइलीतलं वाचलेलं आपल्याजवळ धरून ठेवायची मुभा देतं. दुसऱ्यानं फाइल उघडली की ती मुभा जाते, प्रत्येक वाचनाला सर्व्हरपर्यंत जावं लागतं. त्यात बॅकएंडशेजारी, म्हणजे टेबलांच्या फाइलीशेजारी, जी लॉक फाइल तयार होते, ती जोडणी सुटली-लागली की पुन्हा उघड, पुन्हा नोंद कर, असा खेळ चालतो. उपाय जुना आणि फुकट आहे: बॅकएंडमध्ये एका ओळीचं एक टेबल करा, प्रोग्रॅम सुरू होताच त्यावर बांधलेला एक फॉर्म लपवून उघडा आणि शेवटपर्यंत उघडाच ठेवा. जोडणी कायम राहते. हे एवढं केलं तरी काट्यावरचा माणूस तुम्हाला दुवा देईल.

फ्रंटएंड प्रत्येकाच्या सी ड्राइव्हवर ठेवा. शेअरमध्ये मूळ प्रत असू द्या, डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटला बॅच फाइल लावा: आधी ताजी प्रत स्वतःकडे ओढायची, मग उघडायची. सहा जणांनी एकच फ्रंटएंड उघडणं म्हणजे सहा जणांनी एकाच वहीत एकाच पेननं लिहिणं.

बॅकएंडमधल्या प्रत्येक टेबलाच्या प्रॉपर्टीत 'सबडेटाशीट नेम' असतं, ते 'ऑटो' वरून 'नन' करा. ऑप्शन्समध्ये 'नेम ऑटोकरेक्ट' बंद करा. दोन्ही दिसायला फालतू, पण लिंक्ड टेबलांवर मागून उगाच चौकशा करत बसतात. आणि बॅकएंड सात फोल्डरांच्या आत पुरलेला असेल तर वर काढा.

नेटवाला_कुपवाड

खलाशीकाका बरोबर. पण कुणी केबल बघितली का? काट्याच्या मशीनवर जावा, नेटवर्क कनेक्शनवर क्लिक करून 'स्टेटस' उघडा, स्पीड काय लिहिलंय ते इथं टाका. शीतगृहात मी बरंच काम केलंय, केबल कुठनं कुठनं ओढतात ते मला ठाऊक हाय.

बेदाणेवाला

१० एमबीपीएस!! ऑफिसातल्या मशीनवर १ जीबीपीएस आहे.

नेटवाला_कुपवाड

मग झालं की. केबलीतली एखादी जोडी तुटली तर गिगाबिट १०० वर येतं, आणखी खराब झाली की १० वर. विंडोज बिचारं तक्रार करत नाही, 'कनेक्टेड' दाखवतं. बदला ती. एका ओढीला १०० मीटरच्या वर जाऊ नका, आणि कॉम्प्रेसरच्या थ्री-फेज वायरीच्या जोडीनं नेऊ नका. ऑफिसातला स्विच पण बघा, कोपऱ्यात धूळ खात पडलेला जुना आठ पोर्टाचा असला तर त्यालाही निरोप द्या.

अजून एक. मशीनच्या नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'वीज वाचवायला हे उपकरण बंद करू दे' अशा अर्थाची खूण असते. ती काढा. काट्यावरचा माणूस जेवायला गेला की कार्ड झोपतं, आणि उघडी फाइल लोंबकळत राहती.

बेदाणेवाला

केबल काढली. केबिनच्या लोखंडी दरवाजाखालून गेलेली, दरवाजा उघडता-मिटता चेचून तिची पट्टी झालेली. वर उंदरांनी आपला वाटा घेतलेला. ६० मीटर नवी ओढली, पाइपातून. आता १ जीबीपीएस दाखवतंय. पाच वर्षं मी ॲक्सेसला शिव्या देत होतो.

डोंबिवली_फास्ट_लोकल

वायफायचं एवढं काय? आमच्या ऑफिसात तीन वर्षं वायफायवर ॲक्सेस चालतंय, काही झालं नाही.

जुना_खलाशी

हेल्मेट न घालता तीन वर्षं गाडी चालवणारेही भेटतात. वायफाय एक क्षण सुटून परत जोडलं जातं, ब्राउझरमध्ये कळतही नाही. ॲक्सेस मात्र त्याच क्षणी पान अर्धं लिहून बसलेलं असलं, तर उरलेलं अर्धं लिहायला कुणी नसतं, कारण पलीकडे कपाट आहे, माणूस नाही. मॅनेजर साहेब लॅपटॉप घेऊन केबिनमधून गोदामात चालत जात असतील, तर तीनदाच फाइल बसली हे नशीब.

बेदाणेवाला

अहो, ते रोज चालत जातात. लॅपटॉप उघडा धरून, ताटासारखा.

कॅलिफोर्नियातली_मावशी

सोपा उपाय: बॅकएंड वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवा, यार्डातही आपोआप येईल.

जुना_खलाशी

मावशी, नको. वनड्राइव्ह असो, ड्रॉपबॉक्स असो, ते अख्खी फाइल इकडून तिकडे नेतात. दोन ठिकाणी एकाच वेळी पावत्या झाल्या की दोन वेगळ्या फाइली हातात येतात आणि त्या एकत्र करणारा कुणी नाही. बॅकअपची प्रत ठेवायला खुशाल वापरा. चालती फाइल तिथे नको.

कॅलिफोर्नियातली_मावशी

बरं बाई, मागे घेते. आमच्याकडे फोटोच असतात.

टंकनिका

मी एका महापालिकेच्या ऑफिसात असाच प्रकार सांभाळते. वर कुणी विचारलं नाही म्हणून विचारते: आवकेचा फॉर्म १,४०,००० ओळी घेऊनच का उघडतो? काट्यावरच्या माणसाला त्यातली एकच ओळ हवी असते ना?

आणि वर्षाची यादी कशी काढता? क्वेरीतली (टेबलाला विचारायच्या प्रश्नातली) अट जशीच्या तशी सांगाल का?

बेदाणेवाला

अट आहे 'इयर(आवकदिनांक) = २०२४'. आर्थिक वर्षाची हवी असेल तर त्यात 'मंथ' पण घालतो. ही क्वेरी सगळ्यात रटाळ चालते.

टंकनिका

तिथेच मेख आहे. 'ॲक्सेस सगळं टेबल नेटवर्कवरून ओढतं' असं सगळे म्हणतात, ते नेहमी खरं नसतं. तारखेवर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी) असला आणि अट सरळ तारखेवर असली, तर आधी इंडेक्सची थोडी पानं येतात आणि मग नेमक्या ओळींची. पण तारखेला 'इयर' मध्ये गुंडाळलंत की इंडेक्स निरुपयोगी. आता प्रत्येक ओळ आणून तिचं वर्ष काढून बघावं लागतं. म्हणजे तुम्हीच त्याला सगळं टेबल ओढायला लावलंत.

अट अशी लिहा: तारीख १ एप्रिल २०२४ किंवा त्यानंतरची आणि १ एप्रिल २०२५ च्या आधीची. 'बिटवीन' (या तारखेपासून त्या तारखेपर्यंत) मुद्दाम टाळलंय, तारखेबरोबर वेळही साठवत असाल तर ३१ मार्चचा दिवसभराचा माल निसटतो. आमच्याकडे निसटला होता, ऑडिटच्या आदल्या रात्री कळलं.

फॉर्मही तसाच. रिकामा उघडा, वर पावती नंबराची चौकट द्या, नंबर टाकला की तेवढीच ओळ आणा. आणि यादीच्या फॉर्मवर प्रत्येक ओळीत 'डीलुकअप' लावून शेतकऱ्याचं नाव आणत असाल तर ते काढून क्वेरीत जोड करा. ५० ओळी दिसल्या की ५० वेगळ्या चौकशा होतात त्यानं.

बेदाणेवाला

डीलुकअप एकूण सात ठिकाणी सापडले. लाज वाटली. काढले.

शीतगृहातला प्रश्न सुटला म्हणायला हरकत नाही. पावती आता लगेच निघते. लॅपटॉपला वायर लावली, साहेब नाराज आहेत. यार्डाचं सांगा आता.

जुना_खलाशी

दोन वाटा. एक, यार्डातल्या माणसानं शीतगृहातल्याच मशीनवर रिमोट डेस्कटॉपनं काम करायचं. वायरीतून फक्त चित्र आणि कळा जातात, डेटा जागचा हलत नाही. ४८ मिलिसेकंदात टायपिंग आरामात होतं. प्रोग्रॅमात एक अक्षर बदलावं लागत नाही. पण साध्या विंडोज प्रोवर एका वेळी एकच माणूस, तो आत शिरला की समोर बसलेला बाहेर. दोघांना हवं तर दोन रिकामी मशीनं ठेवा, नाहीतर विंडोज सर्व्हर आणि माणशी परवाने घ्या.

दोन, टेबलं एसक्यूएल सर्व्हरमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसमध्ये, हलवायची. एक्सप्रेस आवृत्ती फुकट आहे, २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांना १० जीबीची मर्यादा, तुम्हाला तीही नातवंडांपर्यंत पुरेल. फॉर्म-रिपोर्ट ॲक्सेसमध्येच राहतात, लिंक्ड टेबलं फक्त ओडीबीसीनं (विंडोजमधला डेटाबेसला जोडणारा दुवा) तिकडे जोडायची. आता कपाटाच्या जागी माणूस आला: तुम्ही चिठ्ठी पाठवायची, तो आत शोधून नेमकं तेवढं देणार. हलवायला मायक्रोसॉफ्टचं 'मायग्रेशन असिस्टंट फॉर ॲक्सेस' फुकट मिळतं. जुना 'अपसायझिंग विझार्ड' ॲक्सेस २०१३ पासून काढून टाकलाय, तो शोधत बसू नका.

नेटवाला_कुपवाड

एक्सप्रेस टाकल्यावर टीसीपी/आयपी (नेटवर्कवरून बोलायची भाषा) मूळचंच बंद असतं, ते कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये चालू करावं लागतं. दुसऱ्या मशीनवरून दिसत नाही म्हणून लोक दोन-दोन दिवस डोकं फोडतात. आणि राउटरवर १४३३ पोर्ट (एसक्यूएल सर्व्हरचा दरवाजा) इंटरनेटला उघडा टाकू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. व्हीपीएनच्या आतच राहू द्या.

बेदाणेवाला (तीन आठवड्यांनी)

हलवलं. टीसीपी/आयपीपायी दीड दिवस गेला, नेटवाल्यांचा प्रतिसाद नंतर वाचला.

पण राव, शीतगृहात आधीपेक्षा हळू झालंय! यार्डातून सव्वादोन मिनिटांचं चाळीस सेकंदांवर आलं, ते ठीक. पण ऑफिसात जो रिपोर्ट दोन सेकंदांत यायचा त्याला आता अकरा लागतात. शिवाय जुनी पावती दुरुस्त करायला गेलं की 'राइट कॉन्फ्लिक्ट', दुसऱ्या कुणीतरी ओळ बदलली म्हणतं. अहो, रविवार होता, मी एकटा होतो!

पाटी_लावणारा

(वाचतोय. गुपचूप.)

टंकनिका

राइट कॉन्फ्लिक्ट आधी, तो सोपा आहे. आवकेत हो/नाही प्रकारचा रकाना आहे का? 'भाडं मिळालं' वगैरे?

बेदाणेवाला

'भाडंजमा' आहे. मागच्या आठवड्यात नवा 'विमा' पण घातला, थेट सर्व्हरवर.

टंकनिका

'विमा' मध्ये जुन्या ओळींना किंमतच नाही, रिकामं आहे. ॲक्सेसला हो/नाही मध्ये रिकामं कळत नाही, ते 'नाही' समजतं. जतन करताना सर्व्हरला विचारतं, 'ओळ मी वाचली तशीच आहे ना?' तिकडे रिकामं, इकडे नाही, जुळत नाही. म्हणून तुम्हीच तुमच्याशी भांडताय. सगळ्या रिकाम्या जागी ० भरा, डिफॉल्ट ० द्या, रिकामं ठेवायला मनाई करा. शिवाय प्रत्येक मोठ्या टेबलाला 'रोव्हर्जन' चा, म्हणजे ओळ बदलली की आपोआप बदलणारा, एक रकाना द्या. मग ॲक्सेस सगळे रकाने जुळवत बसत नाही, तेवढा एकच बघतं. नंतर टेबल पुन्हा लिंक करायला विसरू नका, रचना बदललेली लिंकला आपोआप कळत नाही.

जुना_खलाशी

रिपोर्टचं मी बघतो. त्याच्या क्वेरीत एखादं टेबल अजून फ्रंटएंडमध्येच आहे का? आणि अटीत ॲक्सेसची किंवा तुम्ही स्वतः लिहिलेली फंक्शनं?

बेदाणेवाला

'प्रत' चं टेबल (हिरवा, पिवळा, काळा) बारा ओळींचं, ते स्थानिक ठेवलंय. आणि मी केलेलं 'भाडेदिवस' फंक्शन अटीत आहे.

जुना_खलाशी

दोन्ही हलवा. बारा ओळींचं टेबल इकडे आणि लाखाचं तिकडे असलं की जोड लावायला लाखाचं इकडे यावं लागतं. तुमचं 'भाडेदिवस' तर एसक्यूएल सर्व्हरनं जन्मात ऐकलेलं नाही. चिठ्ठीत त्याला न कळणारा शब्द आला की ॲक्सेस म्हणतं, 'राहू दे, सगळं दे, मी बघते.' तिकडे व्ह्यू (सर्व्हरवर जपून ठेवलेली क्वेरी) करा, भाड्याच्या दिवसांचं गणित त्यातच लिहा, आणि तो व्ह्यू टेबलासारखा लिंक करा. लिंक करताना 'एकमेव रकाना कोणता' विचारेल तेव्हा पावती क्रमांक सांगा. नुसतं ओके दाबलंत तर तो फक्त वाचण्यापुरता जोडला जातो. जड वार्षिक रिपोर्टाला पास-थ्रू क्वेरी वापरा, ती शब्दशः सर्व्हरवरच चालते.

डोंबिवली_फास्ट_लोकल

मध्येच विचारतो. आम्हीही टेबलं एसक्यूएल सर्व्हरवर हलवली. तिथे नवीन रकाना केला, मराठी नाव टाकलं की '????' उमटतं. जुन्या रकान्यांत नीट दिसतं.

टंकनिका

नवा रकाना 'व्हारचार' केलाय तुम्ही, मराठी अक्षरांना 'एनव्हारचार' हवा. असिस्टंट हलवताना 'एन' वालेच करतं, म्हणून जुने ठीक आहेत. पास-थ्रूमधूनही मराठी पाठवायचं असेल तर अवतरणाच्या आधी एन लावा. आणि जिथे प्रश्नचिन्हं साठली आहेत तिथलं मूळ नाव गेलं, रकान्याचा प्रकार बदलून ते परत येत नाही. बॅकअपमधून घ्या.

नेटवाला_कुपवाड

ज्यांचं अजून फाइलीवरच चाललंय त्यांच्यासाठी: 'डेटाबेस इनकन्सिस्टंट स्टेटमध्ये आहे' असा निरोप वरचेवर येत असला तर वायर-वायफायशिवाय एक तिसरं कारण हाय. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, हा घोळ बऱ्याच ठिकाणी दिसला. फाइल जिथं ठेवली त्या मशीनवर शेअरिंगमधलं 'लीजिंग' (वाचलेलं आपल्याजवळ धरून ठेवायची मुभा) बंद केलं की थांबतो. पॉवरशेलची एक ओळ हाय, मायक्रोसॉफ्टनंच सांगितलेली. सेवा पुन्हा सुरू करावी लागती, तेवढ्यापुरतं सगळ्यांना बाहेर काढा.

बेदाणेवाला

आता माझा एक गाढवपणा, दुसऱ्यांच्या उपयोगी पडावा म्हणून. चाचणीसाठी वेगळा डेटाबेस केला होता. लिंक्ड टेबल मॅनेजरमध्ये सगळ्या टेबलांना टिक लावून चाचणीकडे वळवली. 'जावक' ची टिक राहिली. मग निवांत बसून वीस खोट्या जावक पावत्या केल्या. त्या खऱ्या खात्यात गेल्या. एका व्यापाऱ्याचा फोन, 'माझ्या ३०० पेट्या कुणी उचलल्या?'

टंकनिका

हातानं टिका लावूच नका. सुरुवातीला चालणारं एक छोटं कोड लिहा, सगळ्या लिंक्ड टेबलांचा पत्ता एकाच ठिकाणाहून घेऊन बदलणारं. पत्ता कोडमधूनच दिला की प्रत्येक मशीनवर डीएसएन (जोडणीची साठवलेली नोंद) बनवत हिंडायला नको. आणि मुख्य फॉर्मच्या माथ्यावर कुठे जोडलंय ते मोठ्या अक्षरात दाखवा. आमच्याकडे चाचणीला अख्खा फॉर्म पिवळाधमक होतो. कुरूप दिसतो, पण कुणी चुकत नाही.

बेदाणेवाला (पुढच्या सोमवारी)

आकडे देतो. यार्डातून पावती शोधायला ३ सेकंद. ऑफिसातला रिपोर्ट २ वर परत. यार्डातली वर्षाची यादी अजून १४ सेकंद घेते, पण ती महिन्यातून एकदा लागते, मी तिच्या नादी लागणार नाही. चाचणीचा फॉर्म भगवा केलाय.

आज सकाळी सात वाजता काट्यावरच्या मामांचा फोन. घाबरलेले. 'साहेब, फॉर्म उघडला, आत काहीच नाही. सगळा माल गेला की हो!' मी म्हटलं, मामा, तो आता रिकामाच उघडतो, वर नंबर टाका. टाकला. आला. तरी दर अर्ध्या तासानं फोन करून विचारताहेत, बाकीच्या पावत्या आहेत ना म्हणून.

जुना_खलाशी

त्यांच्यासाठी रिकाम्या फॉर्मवर एक ओळ टाका, 'एकूण पावत्या: १,४०,०००'. सर्व्हरकडून एक आकडा येईल फक्त, परवडतं तेवढं.

बेदाणेवाला

टाकली. दुपारपासून फोन नाही.